डोंगराळ नदीखोऱ्यातील पुराचा धोका कसा मोजावा: पाणलोटापासून पूररेषेपर्यंत

७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील ऋषिगंगा आणि धौलीगंगेला महापूर आला, तेव्हा पाऊस पडतच नव्हता. रोंती शिखराच्या कड्यावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटून खाली आला आणि त्याचाच चिखल-पाण्याचा लोंढा झाला. ३१ जुलै १९७६ रोजी कोलोरॅडोतील बिग थॉम्प्सन दरीत काही तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस झाला आणि १४० हून अधिक माणसे गेली. जून २०१३ मध्ये केदारनाथला अतिवृष्टी, वितळणारे बर्फ आणि चोराबारी तलावाचे फुटणे हे सगळे एकाच वेळी जुळून आले.

या तिन्ही ठिकाणी एकच सूत्र वापरले असते, तर किमान दोन ठिकाणी उत्तर साफ चुकले असते. मैदानी नदीत पूर म्हणजे जास्तीचे पाणी. डोंगरात पाणी कुठून सुटणार, कोणत्या उंचीवर साठलेले असणार आणि सोबत किती दगडमाती घेऊन येणार, हे आधी ठरवावे लागते. विसर्गाचा आकडा त्यानंतर.

पायरी १: हा ओढा नेमका काय आणणार?

पाणलोटाच्या माथ्यापासून तुमच्या ठिकाणापर्यंतची उंचीतील तफावत किलोमीटरमध्ये घ्या आणि तिला क्षेत्रफळाच्या (चौरस किलोमीटर) वर्गमुळाने भागा. याला मेल्टन गुणोत्तर म्हणतात. उदाहरणार्थ, ४ चौरस किलोमीटरचा पाणलोट आणि १,४०० मीटरची तफावत असेल तर १.४ भागिले २, म्हणजे ०.७. साधारणपणे ०.३ च्या खाली पाण्याचा नेहमीचा पूर, ०.३ ते ०.६ दरम्यान गाळाने जड झालेला पूर, आणि ०.६ च्या वर, विशेषतः पाणलोटाची लांबी अडीच-पावणेतीन किलोमीटरपेक्षा कमी असेल तर, दगड-चिखलाचा लोंढा अपेक्षित धरावा.

ही नुसती चाळणी आहे. खात्री जमिनीवर करायची. ओढा जिथे दरीत उतरतो तिथे पंख्यासारखा पसरलेला गाळाचा उंचवटा दिसतो का ते बघा. त्यात मोठे दगड बारीक मातीत अस्ताव्यस्त रुतलेले असतील, थरच पडलेले नसतील, तर तिथे पूर्वी लोंढे आलेले आहेत. दगड एकमेकांवर रेलून प्रवाहाच्या दिशेने रचल्यासारखे असतील, तर ते पाण्याने आणलेले. दुर्दैवाने डोंगरात वस्तीसाठी सपाट जागा मिळते ती बहुतेकदा अशाच पंख्यावर.

पायरी २: पाणलोट आखणे

अंतराळातून मोजलेली कोपर्निकस किंवा एसआरटीएमची ३० मीटर जाळीची उंचीची माहिती विनामूल्य मिळते आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रणालीत तिच्यावरून पाणलोटाची सीमा काढता येते. सीमेसाठी ती पुरेशी आहे, नदीपात्राच्या छेदासाठी अजिबात नाही. २० मीटर रुंदीची घळ ३० मीटरच्या चौकटीत मावणार कशी? छेद प्रत्यक्ष मोजूनच घ्यावे लागतात.

आखलेली सीमा उपग्रहचित्रावर ठेवून दोन ठिकाणी तपासा. पहिले, हिमनदीच्या माथ्यावरील पसरट खिंडी, कारण तिथे बर्फाचे पाणी पलीकडच्या खोऱ्यातही जाऊ शकते. दुसरे, रस्ते आणि कालवे. घाटरस्त्याच्या कडेचे गटार दोन-तीन छोट्या घळींचे पाणी एकाच मोरीत आणून सोडते, आणि नकाशावर ते कुठेच दिसत नाही.

यानंतर उंची-क्षेत्रफळ तक्ता करा. २०० मीटरचे पट्टे पाडून प्रत्येकात किती क्षेत्र येते ते लिहा. पुढच्या पायरीचा सगळा भार या साध्या तक्त्यावर आहे.

पायरी ३: पाऊस कुठपर्यंत आणि बर्फ कुठून

एकाच वादळात खालच्या भागात पाऊस आणि वर हिमवर्षाव होतो. वर पडलेले बर्फ त्या दिवशी पुरात येत नाही. म्हणून पुरात भाग घेणारे क्षेत्र दर वादळाला वेगळे असते.

समजा पाणलोट १२० चौरस किलोमीटरचा आहे, १,८०० मीटर उंचीवरील हवामान केंद्रात वादळाच्या वेळी १४ अंश सेल्सिअस तापमान आहे. ओल्या हवेत दर किलोमीटरला सुमारे ६ अंश घट धरा, आणि १ अंशाच्या खाली बर्फ पडतो असे माना. १३ भागिले ६, म्हणजे केंद्रापासून २,१७० मीटर वर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,९७० मीटरवर पाऊस-बर्फाची सीमा येते. तेच वादळ २ अंश उबदार असेल तर सीमा ४,३०० मीटरवर जाते. तक्त्यानुसार ३,९७० मीटरखाली ४५ टक्के आणि ४,३०० मीटरखाली ६८ टक्के क्षेत्र असेल, तर पाऊस झेलणारे क्षेत्र ५४ वरून जवळजवळ ८२ चौरस किलोमीटर होते. पाऊस तेवढाच, पूर दीडपट. अशा खोऱ्यात पावसाच्या आकड्यावर जितकी मेहनत घेतली जाते, तितकीच तापमानावर घ्यायला हवी. सहसा ती घेतली जात नाही.

साठलेल्या बर्फावर पाऊस पडला तर काय, हा पुढचा प्रश्न. पावसाच्या उष्णतेनेच बर्फ वितळते असा समज आहे, पण ती उष्णता फार थोडी असते. ५ अंशांचा ५० मिलिमीटर पाऊस स्वतःच्या उष्णतेने जेमतेम ३ मिलिमीटर बर्फ (पाण्याच्या रूपात) वितळवतो. खरे काम करते ती उबदार, दमट, वेगाने वाहणारी हवा. हवेतील बाष्प बर्फावर थंड होऊन पाणी बनते तेव्हा १ मिलिमीटर बाष्पामागे साडेसात मिलिमीटर बर्फ वितळण्याइतकी उष्णता सुटते. म्हणून अशा पुराच्या अंदाजात वाऱ्याचा वेग आणि आर्द्रता हवीच. नुसत्या वितळीच्या पुरासाठी मात्र अंश-दिवस पद्धत चालते. दर दिवसाला, शून्याच्या वरच्या दर अंशामागे, बर्फासाठी ३ ते ५ आणि उघड्या हिमनदीसाठी ५ ते ८ मिलिमीटर वितळ धरा.

पायरी ४: पावसाचे आकडे किती खरे मानायचे

जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शनानुसार डोंगराळ भागात दर २५० चौरस किलोमीटरला किमान एक साधा पर्जन्यमापक हवा. प्रत्यक्षात मापक असतात ते रस्त्याच्या कडेला, दरीच्या तळाशी, म्हणजे नेमके जिथे पाऊस बहुतेकदा कमी पडतो तिथे. वाऱ्याच्या कड्यावरील उघडा मापक बर्फ तर निम्म्यानेही कमी पकडू शकतो.

उपग्रहाचे आयमर्ग हे पर्जन्यमान अर्ध्या तासाला, ०.१ अंशाच्या म्हणजे सुमारे १० किलोमीटरच्या चौकटीत मिळते. त्याचा उपयोग वादळ कधी आले, किती वेळ टिकले आणि कोणत्या बाजूने सरकले हे समजण्यासाठी करा. एका घळीवर कोसळलेल्या ढगाची तीव्रता १०० चौरस किलोमीटरच्या सरासरीत विरून जाते, त्यामुळे तिथला कमाल आकडा तसाच उचलू नका.

आणखी एक तपासणी कमी खर्चाची आणि हमखास उपयोगी आहे: वर्षभराचा जलताळेबंद. नदीतून वाहून गेलेले पाणी पाणलोटावरील मोजलेल्या पावसापेक्षा जास्त भरत असेल, तर एक तर वरचा पाऊस मोजलाच जात नाही किंवा हिमनदी झिजते आहे. दोन्हीपैकी काय, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी ५: कमाल विसर्गाचा पहिला अंदाज

छोट्या पाणलोटासाठी आधी संकेंद्रण काळ काढा, म्हणजे सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी तुमच्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ. कर्पिचचे सूत्र असे: मिनिटे = ०.०१९५ × (लांबी मीटरमध्ये)चा ०.७७ वा घात × (उतार)चा उणे ०.३८५ वा घात. लांबी ४,००० मीटर आणि उंचीतील तफावत १,००० मीटर असेल तर उतार ०.२५, आणि उत्तर येते सुमारे २० मिनिटे. कर्पिचने १९४० मध्ये हे सूत्र काही हेक्टरांच्या शेतजमिनींवरून बसवले होते, त्यामुळे घनदाट जंगलात किंवा मोठ्या दगडांच्या पात्रात प्रत्यक्ष वेळ जास्त लागू शकतो. निदान दोन वेगळ्या सूत्रांनी काढून बघावे.

आता परिमेय पद्धत: विसर्ग (घनमीटर प्रति सेकंद) = ०.२७८ × अपधाव गुणांक (पावसाचा वाहून जाणारा हिस्सा) × तीव्रता (मिलिमीटर प्रति तास) × क्षेत्रफळ (चौरस किलोमीटर). क्षेत्र ६ चौरस किलोमीटर, गुणांक ०.५ आणि २० मिनिटांच्या पावसाची तीव्रता ताशी ९० मिलिमीटर घेतली, तर विसर्ग ७५ घनमीटर प्रति सेकंद. सर्वाधिक चूक इथे होते. हाताशी तासाचा आकडा असतो, समजा ५० मिलिमीटर, आणि तोच घातला जातो. मग उत्तर येते ४२. संकेंद्रण काळ २० मिनिटांचा असेल तर तीव्रताही २० मिनिटांचीच हवी. तासाच्या सरासरीत मधला जोरदार सडाका बुडून जातो.

क्षेत्र २०-२५ चौरस किलोमीटरच्या पुढे गेले की ही पद्धत सोडा. पाणलोटाचे तुकडे करून एचईसी-एचएमएससारख्या विनामूल्य प्रणालीत एकक जलालेखाने (ठरावीक पावसाला विसर्ग वेळेनुसार कसा चढतो-उतरतो याच्या आलेखाने) प्रत्येकाचा पूर काढा आणि नदीतून खाली आणा. त्यात अपधावासाठी सहसा वक्र अंक (जमीन किती पाणी वाहू देते याचा शंभरपर्यंतचा अंक) वापरतात, आणि त्यात जमिनीची आधीची ओल सगळा फरक करते. १५० मिलिमीटर पावसाचे, मध्यम ओलीत वक्र अंक ७५ धरला तर ८१ मिलिमीटर वाहून जातात. तीच जमीन आधीच्या आठवड्याच्या पावसाने भिजलेली असेल तर अंक ८७ होतो आणि ११२ मिलिमीटर वाहतात. धोक्याच्या अभ्यासात भिजलेली जमीनच गृहीत धरावी. गोठलेली जमीन आणि नुकताच वणवा लागलेला उतार यांना याहूनही वरचा अंक द्यावा लागतो.

पायरी ६: पात्रात उतरून आकडा पडताळणे

इथे घाई करू नका. डोंगरी खोऱ्यात विसर्गाची नोंद बहुधा नसते, आणि असली तरी मोठ्या पुरात मापनकेंद्रच वाहून जाते. नोंदवहीतला सर्वोच्च आकडा अनेकदा पातळी-विसर्ग वक्र (पाण्याच्या पातळीवरून विसर्ग सांगणारा आलेख) प्रत्यक्ष मोजमापाच्या बराच पुढे ताणून काढलेला असतो. म्हणून मागच्या पुराच्या खुणा शोधा: झाडांत अडकलेला पाचोळा, भिंतीवरील चिखलाची रेघ, काठावर साचलेली बारीक वाळू, झाडाच्या सालीवरील जखमा. सर्वांत भरवशाच्या खुणा प्रवाह संथ झालेल्या आडोशाला मिळतात. दगडाच्या किंवा खांबाच्या समोरच्या बाजूची खूण घेऊ नका. ४ मीटर प्रति सेकंद वेगाचे पाणी अडथळ्यावर आदळून सुमारे ०.८ मीटर वर चढते आणि पातळी तेवढी खोटी दिसते. वळणाच्या बाहेरच्या काठाचेही तसेच.

सरळ, एकसारख्या रुंदीचा तुकडा निवडा. किमान तीन छेद मोजा आणि दोन्ही काठांच्या खुणांवरून पाण्याचा उतार काढा. मग मॅनिंगचे सूत्र, जे उतार, पात्राचा आकार आणि खडबडीतपणा यांवरून पाण्याचा वेग देते. आणि नेमका इथेच पुस्तकी खडबडीतपणा गुणांक दगा देतो. तीव्र उताराच्या, मोठ्या दगडांच्या पात्रात ऊर्जा आदळण्या-उसळण्यात खर्च होते. जॅरेट यांनी १९८४ मध्ये कोलोरॅडोतील डोंगरी नद्यांवरून दिलेले सूत्र असे: गुणांक = ०.३२ × (उतार)चा ०.३८ वा घात × (जलीय त्रिज्या, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ भागिले पाणी टेकते त्या तळ-काठांची लांबी, मीटरमध्ये)चा उणे ०.१६ वा घात.

एक छेद घेऊन बघू. रुंदी १८ मीटर, खोली १.८ मीटर, क्षेत्रफळ ३२.४ चौरस मीटर, जलीय त्रिज्या १.५ मीटर, उतार ०.०३. तक्त्यातला ०.०४५ हा गुणांक घेतला तर वेग ५ मीटर प्रति सेकंद आणि विसर्ग १६३ येतो. जॅरेटच्या सूत्राने गुणांक ०.०७९, वेग २.९ आणि विसर्ग ९३. कोणता खरा? क्रांतिक प्रवाहाची कसोटी लावा: त्या खोलीच्या पाण्यावर लाट जितक्या वेगाने सरकते तो क्रांतिक वेग. या खोलीला क्रांतिक वेग ४.२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे विसर्ग १३६. मोठ्या दगडांच्या पात्रात प्रवाह लांब अंतरभर क्रांतिक वेगाच्या वर टिकत नाही, म्हणून १६३ संशयास्पद ठरतो आणि १३६ ही व्यवहारातली वरची मर्यादा. अहवालात ९३ ते १३६ अशी पट्टी द्या. दशांशापर्यंत एकच आकडा दिला की तो दिसतो नेमका, असतो मात्र अंदाजच.

या पट्टीत पायरी ५ चे उत्तर बसत नसेल, तर बदल सूत्राच्या गृहीतकांत करा. खुणेवर शंका घ्यायची असेल तर कारण एकच धरण्यासारखे आहे: तो लोंढा होता, पाणी नव्हते. लोंढ्याला मॅनिंगचे सूत्र लागूच होत नाही.

पायरी ७: किती वर्षांतून एकदा

वार्षिक कमाल विसर्गांची यादी करून गुंबेल किंवा लॉग-पिअर्सन वितरण (किती मोठा पूर किती विरळा येतो हे सांगणारे संख्याशास्त्रीय सूत्र) बसवणे हा नेहमीचा मार्ग. डोंगरात त्याआधी यादी कारणानुसार वेगळी करावी लागते. वसंतातील वितळीचा पूर आणि वादळी पावसाचा पूर एकाच यादीत घातले, तर बसवलेला वक्र दोघांपैकी कोणाचाच राहत नाही. दोन्हींचे वितरण स्वतंत्र काढा आणि मग शक्यता जोडा. एखाद्या विसर्गाची वर्षातली शक्यता पावसाने ०.०२ आणि वितळीने ०.०१ असेल, तर एकत्रित शक्यता १ − (०.९८ × ०.९९), म्हणजे ०.०२९८, सुमारे ३४ वर्षांतून एकदा. नुसत्या पावसाच्या यादीत तोच पूर ५० वर्षांचा दिसला असता.

२५ वर्षांच्या नोंदीवरून ५० वर्षांच्या पुढे ताणू नये. त्यापलीकडे जायचेच असेल तर जुन्या मंदिरांवरील व पुलांवरील पूरखुणा, गाळाचे थर आणि झाडांच्या वर्तुळांवरून कळणारी जखमांची वर्षे यादीत मिळवा. १०० वर्षांचा पूर ३० वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के असते, हेही ग्रामसभेपुढे याच शब्दांत सांगावे.

पायरी ८: गाळ, दरडी आणि तलाव

लोंढ्याचा संभव असेल तर स्वच्छ पाण्याच्या विसर्गाला १ भागिले (१ − गाळाचे आकारमान प्रमाण) याने गुणा. गाळ ४० टक्के असेल तर ७५ चे १२५ होतात. वरच्या घळीत किती सुटा माल साचला आहे हे पावसापेक्षा महत्त्वाचे ठरते: नुकताच लोंढा येऊन घळ खडकापर्यंत खरवडली असेल तर तेवढ्याच पावसाला पुन्हा लोंढा येईलच असे नाही.

दरड कोसळून नदी अडली तर वेळ फार थोडा असतो. कोस्टा आणि शुस्टर यांनी १९८८ मध्ये तपासलेल्या ७३ दरडबांधांपैकी २७ टक्के एका दिवसात, ४१ टक्के आठवड्यात आणि ८० टक्के सहा महिन्यांत फुटले. पहिला हिशेब भरण्याचा करा: उरलेली साठवण ९० लाख घनमीटर आणि आवक २० घनमीटर प्रति सेकंद असेल तर साडेचार लाख सेकंद, म्हणजे सव्वापाच दिवसांत पाणी माथ्यावर येईल. सप्टेंबर १८९३ मध्ये बिरही गंगेवर दरडीने गोहना ताल तयार झाला, तेव्हा असाच हिशेब मांडून तारयंत्राची लाइन टाकली गेली आणि खालच्या वस्त्या हलवल्या गेल्या. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला, गढवालमधील श्रीनगर वाहून गेले, पण जीवितहानी नगण्य राहिली.

हिमोढाने (हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीने) अडलेल्या तलावाचे आकारमान क्षेत्रफळावरून ढोबळ काढता येते: ०.१०४ × (क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये)चा १.४२ वा घात. १० हेक्टरच्या तलावात सुमारे १३ लाख घनमीटर. तो १,००० सेकंदांत त्रिकोणी जलालेखाने रिकामा झाला असे मानले, तर कमाल विसर्ग २,६०० घनमीटर प्रति सेकंद. हे मुद्दाम कठोर गृहीतक आहे, पण शेजारच्या पावसाच्या पुराचे ७५ किंवा १२५ त्याच्याजवळ ठेवून बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील साउथ ल्होनाक तलाव फुटला, तेव्हा चुंगथांगचे तीस्ता-३ धरणच वाहून गेले.

पायरी ९: पूररेषा आणि हातातली मिनिटे

एचईसी-रास या पूर पसरण्याच्या गणिताच्या प्रणालीत द्विमितीय गणित करताना वस्तीजवळ २ ते ५ मीटरची जाळी घ्या. पात्राचा तळ स्थिर आहे असे प्रणाली एरवी मानते, खऱ्या पुरात मात्र तो रात्रीत २-३ मीटर चढू शकतो. म्हणून प्रत्येक पूर निदान तीनदा चालवा: आहे तसा तळ, गाळाने उचललेला तळ, आणि ओंडक्यांनी तुंबलेला पूल. तुंबलेल्या पुलाजवळून पाणी कुठल्या गल्लीत शिरते, हे बहुतेक ठिकाणी पूररेषेपेक्षा जास्त कामाचे निघते.

नकाशावर नुसती खोली दाखवू नका. खोली गुणिले वेग हा आकडा ०.६ चौरस मीटर प्रति सेकंदाच्या पुढे गेला की मुले आणि वृद्धांना उभे राहणे धोक्याचे होते, १ च्या पुढे सगळ्यांनाच.

इशाऱ्याची वेळ अशी काढा: पुराची लाट पाण्याच्या वेगाच्या सुमारे ५/३ पट वेगाने सरकते. पाणी २.९ मीटर प्रति सेकंद, तर लाट ४.८. वरचा पातळीमापक १२ किलोमीटरवर असेल तर ४२ मिनिटे. मापक दर १५ मिनिटांनी आकडा पाठवत असेल आणि भोंगा वाजवायचा निर्णय घ्यायला १० मिनिटे जात असतील, तर लोकांच्या हातात १७ उरतात. निवाऱ्याची जागा या १७ मिनिटांत सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला गाठता येईल अशीच निवडा, आणि ती पुलाच्या पलीकडे नको. मापक दोन ठेवा, वेगवेगळ्या काठांवर. पुरात मापक वाहून गेला की तो गप्प बसतो आणि पडद्यावर शेवटचा सुरक्षित आकडा तसाच राहतो, म्हणून सलग दोन संदेश चुकले तर यंत्रणेने तोच धोक्याचा इशारा मानावा अशी मांडणी सुरुवातीलाच करून घ्या.